ताटलीवरचं नीरफणसाचं झाड

आमच्या माहेरी कणीक मळायची एक पितळी परात आहे. तिच्या काठाखाली टिंबाला टिंब जोडून नाव घातलेलं आहे : ‘रा. वि. सो. १९३१’. गंमत अशी, की आमच्यात चुलत-आते-मामे सगळे धरले तरी ‘सो’वरून सुरू होणारं आडनाव कुणाचंच नाही. आजीला विचारलं की ती म्हणायची, “अगो, कुठल्यातरी कार्यात बदलून आली.” लग्नामुंजीला तेव्हा आळीतल्या घराघरांतून भांडी जमा व्हायची. म्हणून तर नाव घालून ठेवायचं. कार्य उरकलं की मागल्या पडवीत घासलेल्या भांड्यांचा ढीग, आणि चार इयत्ता शिकलेला कुणी मुलगा नावं वाचून ज्याचं त्याला देतोय. त्या दिवशी कंदिलाच्या उजेडात त्याला ‘सो’ आणि आमचा ‘जो’ सारखेच दिसले असणार. आमची परात कुणा सोमण-सोवनींकडे गेली, त्यांची आमच्याकडे राहिली. कुणी बदलायला आलं नाही, आमच्याकडूनही कुणी गेलं नाही.

ही परात मला गेल्या वर्षी इंग्लंडात आठवली, तेही एका दर्यावर्दी लॉर्डच्या चिनी मातीच्या ताटल्यांसमोर.

लेक बर्मिंगहॅमला असते. तिथून उत्तरेला, स्टॅफर्डशर परगण्यात, शग्बरो नावाचा अ‍ॅन्सन घराण्याचा वाडा आहे. वाडा म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हॉल’; पुढे आठ खांबांची ओसरी, मागे नदी, आणि बागेत ग्रीक देवळांच्या नकला. जावयांनी तिकिटं काढली होती, म्हणून गेले. खरं सांगायचं तर अशा वाड्यांतून दोन दालनांनंतर मला सगळे लॉर्ड एकसारखे दिसायला लागतात, आणि माझं लक्ष बसायला खुर्ची कुठे आहे याकडे लागतं. पण इथे काचेआड मांडलेल्या त्या ताटल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या मधोमध एक झाड होतं.

पानं मोठी, बोटं फाकलेल्या पंजासारखी. त्यात गोल फळं. मी म्हटलं, “अगं, हा नीरफणस.”

लेक हसली. म्हणाली, “आई, तुला इथेपण कोकणच दिसणार.” मग तिने शेजारची पाटी वाचली आणि गप्प झाली. पाटीवर ‘ब्रेडफ्रूट’ असंच लिहिलं होतं. म्हणजे आमचा नीरफणस, विलायती फणस. काप करून, तिखट-मीठ-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत करायचा तोच.

त्या झाडाशेजारी माडासारखं एक झाड, बुंध्याशी दोन कुत्रे, एका बाजूला पेटती वेदी, पारव्यांची जोडी, मदनाचे धनुष्य नि भाता. काठावर चार ठिकाणी छोटी चित्रं : काही इंग्लंडातल्या प्लिमथच्या खाडीची, काही चीनमधल्या पर्ल नदीची. आणि काठावरच ती ढाल, म्हणजे घराण्याचं कुलचिन्ह : पांढऱ्यावर तीन तिरपे लाल पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात लाल चंद्रकोर. एवढी गर्दी एका जेवायच्या ताटलीवर. वाढायला जागा कुठे, हा माझा पहिला प्रश्न होता.

नीरफणस तिथे कसा आला, ही गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. जॉर्ज अ‍ॅन्सन हा इंग्रज आरमारातला अधिकारी. १७४० च्या सप्टेंबरात तो स्पेनच्या वसाहतींवर धाड घालायला सहा लढाऊ जहाजं आणि दोन सामानाची जहाजं घेऊन निघाला. माणसं अठराशेहून अधिक. त्यांत काही शे म्हातारे आणि आजारी पेन्शनर, ज्यांना इस्पितळातून उचलून जहाजावर चढवलं होतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं, केप हॉर्नचं वादळ आणि स्कर्व्ही, म्हणजे ताजी भाजी-फळं न मिळाल्याने हिरड्या सडून येणारा आजार, यांनी माणसं शेकड्यांनी गेली. पॅसिफिक ओलांडेपर्यंत सेंच्युरियन हे एकच जहाज उरलं. १७४२ च्या उन्हाळ्यात ते तिनियन नावाच्या बेटाला लागलं तेव्हा माणसांच्यात नांगर टाकायचंही बळ नव्हतं. तिथे या लोकांना गुरं मिळाली, लिंबू-संत्री मिळाली, आणि नीरफणस मिळाला. जहाजावरचा पाव बाजूला ठेवून ते नीरफणसच खायला लागले. जहाजावरचा अधिकारी पिअर्सी ब्रेट चांगली चित्रं काढायचा. त्याने ते झाड काढून ठेवलं. ताटलीवरचं झाड त्याच्या चित्रावरून आलेलं आहे.

पुढच्या वर्षी, २० जून १७४३ रोजी, अ‍ॅन्सनने फिलिपिन्सजवळ मनिलाला जाणारं स्पेनचं खजिन्याचं जहाज पकडलं. त्यावर चांदीची १३,१३,८४३ नाणी होती. शिवाय लगडी वेगळ्याच. ही चांदी मेक्सिकोची. ती मनिलाला जायची आणि तिथून चीनमध्ये, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घ्यायला. म्हणजे अ‍ॅन्सनने एका अर्थी ताटल्यांचेच पैसे वाटेत लुटले. लंडनमध्ये त्या चांदीची ३२ गाड्यांतून मिरवणूक निघाली. निघालेल्यांपैकी जे परत आले ते १८८.

मधल्या काळात सेंच्युरियन चीनमधल्या कँटन बंदरात होतं. तिथे मोठी आग लागली आणि अ‍ॅन्सनच्या खलाशांनी ती आवरायला मदत केली. त्याबद्दल कँटनमधल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने हा २०८ नगांचा संच त्याला भेट दिला, असं परंपरेने सांगतात. मदनाचा भाता, पारवे आणि वाट पाहणारे कुत्रे म्हणजे घरी थांबलेलं माणूस, असाही अर्थ लावतात. मला तो जरा ओढूनताणून वाटतो. पण मग झाड? ते ओढूनताणून नाही. ज्या फळाने आपला जीव वाचवला ते जेवणाच्या ताटलीवर काढून घेणं, हे कुठल्याही बाईला न सांगता कळेल.

आपल्याकडे मराठा घराण्यांत देवक असतं. कदमांचं कळंब, कुणाचं पंचपालवी, कुणाचं मोराचं पीस. लग्नाला आधी देवक बसतं, मग बाकी सगळं. त्या झाडावर घाव घालायचा नाही. ताटलीवरचं झाड बघताना मला सारखं वाटत होतं, की काठावरची ढाल हा या लोकांचा सातबारा, आणि मधलं झाड हे देवक. फक्त यांनी आपलं देवक आधी पोटभर खाल्लं, नंतर पुजलं.

ढालीचं म्हणाल तर ती फार पुराणी वगैरे नव्हती. शग्बरोची जमीन १६२४ साली विल्यम अ‍ॅन्सन नावाच्या वकिलाने विकत घेतली. जॉर्ज हा त्या घरातला धाकटा, दुसरा मुलगा. इस्टेट मोठ्या भावाची, थॉमसची. वाडा वाढला, बाग सजली ती धाकट्याने समुद्रावरून आणलेल्या पैशावर. इंग्रजी कुलचिन्हांत चंद्रकोर ही एरवी दुसऱ्या मुलाची खूण असते. अ‍ॅन्सनांच्या ढालीत ती मुळातच होती, पण जॉर्जला शोभली खरी.

अशी कुलचिन्हं घातलेली ताटं अठराव्या शतकात इंग्लंडात इतकी मागवली गेली, की एकट्या इंग्रजांसाठी चीनमध्ये सुमारे चार हजार संच तयार झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. एकेक संच शे-दोनशे नगांचा. मागवणारे सगळे काही खानदानी सरदार नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचे कप्तान, व्यापारी, बँकवाले, नुकतीच जमीन घेतलेले वकील. ज्यांच्या आज्यापणज्यांनी लाकडाच्या थाळीत जेवण केलं, त्यांना ताटावर ढाल हवी असायची. जुन्या घराण्याला ‘आम्ही कोण’ हे सांगायची तितकी घाई नसते.

मागवायची पद्धत अशी. तुमच्या पुस्तकांवर चिकटवायची जी छापील चिठ्ठी असे, नाव आणि कुलचिन्ह असलेली, ती एखाद्या ओळखीच्या कप्तानाकडे नाहीतर कंपनीच्या माल-अधिकाऱ्याकडे द्यायची. त्यांना खासगी व्यापाराची थोडी मुभा असे. जहाज हिवाळ्यात निघायचं, आफ्रिकेला वळसा घालून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर चीनकडे जायचं. आपल्याकडे पाऊस आणतो तोच वारा. परतीला ईशान्य वारा धरायचा. संच घरी यायला दीड-दोन वर्षं सहज लागत. तेवढ्यात एखाद्याची बायको जायची, एखादा स्वतः जायचा, आणि ताटं मात्र वेळेवर यायची.

भांडी भाजली जायची ती चीनमधल्या जिंगडेझेन या कुंभारांच्या गावी, समुद्रापासून कितीतरी आत. पांढरी माती, दळलेला दगड, आणि तेराशे अंशांच्या आसपासची भट्टी. तिथे राहिलेल्या दान्त्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ साली लिहिलेलं पत्र मला फार आवडतं. रात्री ते गाव पाहिलं तर आख्खं शहर पेटल्यासारखं दिसतं, असं तो लिहितो. एक भांडं पुरं व्हायला सत्तर हातांतून जातं. एकजण फक्त काठाची रेघ ओढतो, दुसरा फुलांच्या कडा काढतो, तिसरा रंग भरतो. डोंगर-पाणी काढणारा पक्षी काढत नाही. आणखीही एक गोष्ट त्याने टिपली आहे : युरोपातून येणारे नमुने चमत्कारिक असतात, करायला अवघड असतात, आणि जरा कुठे खोट दिसली की युरोपीय व्यापारी ते नाकारतात. नाकारलेला माल मग कुंभाराच्या गळ्यात, कारण चिनी माणसाला त्या आकाराचं, त्या चित्राचं काही घ्यावंसं वाटत नाही.

हे वाचलं तेव्हा मी त्या नाकारलेल्या ताटाचा विचार करत बसले. कुणा लॉर्डची ढाल घातलेलं, एक बारीक चीर गेलेलं ताट. ते कुंभाराच्या घरात कशाला वापरलं गेलं असेल? कोंबड्यांना दाणे घालायला?

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापासून बरंचसं रंगकाम कँटनलाच व्हायला लागलं. पांढरी भांडी जिंगडेझेनहून यायची, आणि बंदरात, गिऱ्हाइकाच्या जवळ, वर रंग चढवून दुसऱ्यांदा हलकी भाजली जायची. १७६९ साली विल्यम हिकी नावाचा तरुण इंग्रज असा एक कारखाना बघायला गेला होता. एका लांबच लांब पडवीत शंभराहून जास्त माणसं रंगवायला बसलेली. त्यांत पार म्हातारी होती, आणि सहा-सात वर्षांची मुलंही होती.

त्या सहा-सात वर्षांच्या मुलापाशी मी अडकते. त्याच्यासमोर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर दोन पायांवर उभा राहिलेला सिंह आहे, जो त्याने कधी पाहिला नाही. लोखंडी शिरस्त्राण आहे, जे कुणी घालत असेल असं त्याला वाटत नाही. आणि खाली पट्टीवर लॅटिन वचन आहे, जे त्याच्या लेखी अळ्यांची रांग. त्याने ती रांग हुबेहूब उतरवायची. शंभर ताटांवर शंभर वेळा.

चुका व्हायच्याच. छापील चिठ्ठीत रंग नसतात, म्हणून युरोपात एक युक्ती होती : उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, टिंबं म्हणजे सोनेरी. कँटनच्या कारागिराने ही भाषा शिकायचं कारण नव्हतं. त्याने रेघांच्या जागी रेघाच काढल्या, टिंबांच्या जागी टिंबं, किंवा मनाला येईल तो रंग भरला. काहींनी शहाणपणा करून नमुन्यात बाणांनी ‘हे लाल’, ‘हे हिरवं’ असं लिहून पाठवलं, तर ते शब्दच ताटांवर उतरून आले, असा किस्सा संग्राहक रंगवून सांगतात. एका संचावर म्हणे ‘हे माझं आणि माझ्या बायकोचं कुलचिन्ह’ अशी कारागिराला दिलेली सूचनाच सुंदर अक्षरांत उमटली होती. किस्सा खरा का खोटा, हसताना मात्र मला माझे डबे आठवतात.

माझ्या लग्नात आत्याने स्टीलचे पाच डबे दिले. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणाऱ्याने त्यांवर नाव घातलं : ‘चि. सौ. कां. मुणाल हिस सप्रेम’. माझं नाव मृणाल. त्याला चिठ्ठी आत्यानेच लिहून दिली होती आणि आत्याचा ‘मृ’ तसाच असायचा, त्यामुळे दोष कुणाचा ते सांगणं कठीण. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई म्हणाल्या, “असू दे गं, आत डाळच ठेवायची आहे.” पाचही डबे अजून आहेत. नातवंडांना वाटतं ‘मुणाल’ ही कुणी वेगळी आजी असावी.

शग्बरोच्या दालनात एक निवृत्त शिक्षिकेसारख्या दिसणाऱ्या बाई माहिती द्यायला बसल्या होत्या. मी उत्सुक आहे म्हटल्यावर त्यांनी मला ढाल वाचायला शिकवली. पहिला धडा : ढालीची उजवी बाजू म्हणजे आपली नाही, ढाल धरून उभ्या असलेल्या माणसाची उजवी. हे त्या दोन-तीनदा समजावत होत्या. मला पहिल्याच फटक्यात कळलं. उजव्या सोंडेचा गणपती कसा ओळखतात? सोंड गणपतीच्या उजवीकडे, आपल्या नव्हे. हे त्यांना सांगायचा मी प्रयत्न केला. जावई भाषांतर करताना घामाघूम झाले.

दुसरा धडा लग्नाचा. लग्न झालं की ढाल मधोमध उभी चिरायची. उजव्या अर्ध्यात नवऱ्याचं घराणं, डाव्या अर्ध्यात बायकोचं. म्हणजे तिथेही ती वामांगीच! बायकोला भाऊ नसेल आणि तीच वारस असेल, तर तिच्या माहेरची छोटी ढाल नवऱ्याच्या ढालीच्या पोटात बसते. बाई विधवा झाली की तिला ढालच नाही, चौकट मिळते, हिऱ्याच्या आकाराची. ढाल लढणाऱ्याची, म्हणून. त्यामुळे जाणकार माणूस ताट बघून सांगतो : या दोघांचं लग्न अमुक साली झालं, बायको तमुक साली वारली, म्हणजे हे ताट मधल्या सहा वर्षांतलं. स्टॅफर्डशरमधल्याच ओकओव्हर घराण्याच्या एका संचाचा तर मूळ रंगवलेला नमुना आणि १७४० व १७४३ ची बिलंही टिकून आहेत. ताट, नमुना आणि बिल, तिन्ही! आमच्या घरात गेल्या महिन्याचं विजेचं बिल सापडत नाही.

या सगळ्या व्यवहाराचा उगम मात्र इंग्रजांचा नाही, पोर्तुगीजांचा. आणि त्यांची वाट आपल्या दारावरून जाते. १५१० साली गोवा घेतलं, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि दहा वर्षांत चीनकडून निळ्या रंगात त्यांच्या राजाची चिन्हं घातलेली भांडी यायला लागली. लिस्बन, गोवा, मलाक्का आणि पुढे मकाव, अशी ती वाट. सर्वांत जुन्यांपैकी काही सुरया आहेत ज्यांच्यावर पोर्तुगालची राजढाल चक्क उलटी आहे. खालचं वर. नमुना हातात आला तेव्हा वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगायला कुणी उभं नसणार. आणखी एक वाडगा आहे, त्यावर ‘पेरो द फारियाच्या काळात, १५४१’ अशा अर्थाचा पोर्तुगीज मजकूर आहे. हा फारिया मलाक्क्याचा कप्तान. युरोपीय माणसाचं नाव घातलेलं इतकं जुनं चिनी भांडं क्वचितच. आमच्या परातीसारखंच, नाव आणि साल. फक्त आमच्याकडे आद्याक्षरांवर भागवतात.

गोव्यात चांदोरच्या ब्रागांझांच्या वाड्यात मकावहून आलेली चिनी भांडी मी कितीतरी वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा मला त्यांत काडीचा रस नव्हता, माझं लक्ष नाचाच्या दालनातल्या झुंबरांकडे. पेडण्याच्या देशप्रभूंना तर पोर्तुगालच्या राजाने व्हिस्काउंट केलं होतं. घरात मराठी, देवघरात कुलदैवत, आणि नावापुढे लिस्बनचा किताब.

मुंबईतही एक ढाल आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. सर जमशेटजी जीजीभाई १८५७ साली बॅरोनेट, म्हणजे पिढीजात ‘सर’, झाले, हिंदुस्थानातले पहिले. त्यांच्या ढालीत वर उडणाऱ्या दोन मधमाश्या आहेत आणि खाली सह्याद्रीच्या रांगेमागून उगवणारा सूर्य. वाघ-सिंह काही नाही. मुंबईहून बघितलं तर सूर्य घाटामागूनच उगवतो, हे लंडनच्या कुलचिन्हवाल्यांना कुणीतरी नीट सांगितलेलं दिसतं. जमशेटजींनी पैसा केला तो कापूस आणि अफू चीनला पाठवून. स्वतः पाच वेळा चीनला जाऊन आले. म्हणजे ज्या कँटनमध्ये बसून पोरं इंग्रजांच्या ढाली रंगवायची, त्याच कँटनच्या अफूवर ही सह्याद्रीची ढाल उभी राहिली. त्या पैशातून जे. जे. रुग्णालय झालं आणि कलाशाळा झाली. त्या कलाशाळेत पुढे मातीकाम सुरू झालं, त्या भांड्यांना विलायतेत मागणीही आली. मी माझ्या बाळंतपणाला जे. जे.मध्ये होते, त्यामुळे या ढालीबद्दल तोंड वर करून बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

बाकीच्या राजेरजवाड्यांना ढाली घाऊक मिळाल्या. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना एकेक साटिनचा झेंडा दिला, आणि प्रत्येकावर इंग्रजी पद्धतीचं कुलचिन्ह. ती चिन्हं बेतली होती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने. पिढ्यान्‌पिढ्या भगवं निशाण वागवणाऱ्यांना एका कारकुनी टेबलावरून ढाली वाटल्या गेल्या! शिंद्यांचे नाग, गायकवाडांचं ‘जीन घर, जीन तख्त’ हे त्या साच्यात बसवून झालं. घोड्याचं जीन हेच घर आणि तेच सिंहासन म्हणणाऱ्या घराण्याला डिनरसेटची गरज काय, असं मला वाटलं होतं. पण मग विलायती ताटांवर, चमच्यांवर, रुमालांवर संस्थानाची चिन्हं छापून यायला लागलीच.

अमेरिकेने राजा हाकलला तरी ताटांचा सोस सुटला नाही. १७८४ साली ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे न्यूयॉर्कहून चीनला गेलेलं पहिलं अमेरिकन जहाज. त्यावर गेलेल्या सॅम्युअल शॉने स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या ‘सिनसिनाटी’ या संस्थेचं चिन्ह कँटनला रंगवून घेतलं. त्या भांड्यांतले ३०२ नग जॉर्ज वॉशिंग्टनने १७८६ मध्ये दीडशे डॉलरला घेतले. घराण्याची ढाल नको होती, पण ताटलीवर काहीतरी हवंच होतं.

मग हे संपलं कसं? १७९१ साली कंपनीने चिनी भांड्यांची मोठी आयात थांबवली. जकात वाढत गेली. आणि मुख्य म्हणजे इंग्लंडातलेच कुंभार तयार झाले. ते कुठले, तर याच स्टॅफर्डशरचे. शग्बरोच्या उत्तरेला स्टोक-ऑन-ट्रेंट, वेजवूड या नामांकित कुंभाराचा मुलूख. चित्र छापून चिकटवायची पद्धत आली, आणि ताटली रंगवायला शंभर माणसं नकोशी झाली. वेजवूडच्या खटपटीने १७६६ साली खणायला घेतलेला कालवा शग्बरोच्या कडेनेच जातो. वाड्यातून बाहेर पडून, नदीवरचा अरुंद दगडी पूल ओलांडून आम्ही त्या कालव्यावर गेलो. खाली रंगवलेल्या नावा, त्यांच्या टपांवर कुंड्या, एका नावेवर एक बाई कपडे वाळत घालत होती. याच पाण्यावरून स्टोकची भांडी न फुटता बंदराला जायची. अ‍ॅन्सनांच्या खिडकीखालून, चिनी ताटलीचा शेवट करत.

अ‍ॅन्सनांचंही पुढे फार बरं झालं नाही. जॉर्ज १७६२ मध्ये निपुत्रिक गेला. थॉमसलाही मूल नव्हतं. सगळं बहिणीच्या मुलाला गेलं. तो जन्माने अ‍ॅडम्स, त्याने अ‍ॅन्सन नाव लावलं. म्हणजे मामाची ढाल भाच्याने घेतली, आपल्याकडच्या दत्तकासारखीच. त्याच्या वंशातले पुढे लिचफिल्डचे अर्ल झाले, आणि पहिल्याच अर्लने इतकं कर्ज केलं, की १८४२ साली वाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लिलाव दोन आठवडे चालला. १९६० मध्ये चौथा अर्ल गेला, आणि वारसाकरापोटी वाडाच नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आला. आता तिकीट काढून माझ्यासारखी कुणीही जाते आणि त्यांच्या ताटल्यांत वाढायला जागा नाही म्हणते.

निघताना मी पुन्हा एकदा त्या काचेपाशी गेले. जवळून पाहिलं तर झाडाच्या पानांचा हिरवा रंग थोडा उंचवट्यासारखा वर आलेला दिसतो, नेलपॉलिशसारखा. हा वरून चढवलेला मिना. सोनेरी काठ दोन-तीन ठिकाणी पुसट. अशा ताटांवर बऱ्याचदा मधोमध सुरीचे बारीक ओरखडे असतात. मी ते शोधत होते, पण या ताटलीवर मला सापडले नाहीत. जेवले नसतील कुणी त्यात, किंवा माझा चष्मा जुना झाला असेल. नीरफणसाचं एक फळ मात्र रंगवणाऱ्याने जरा वाकडं काढलं होतं. ब्रेटने तिनियनवर उपाशीपोटी काढलेलं, कँटनच्या माणसाने चित्रावरून काढलेलं, आणि मी गुहागरच्या परसातलं म्हणून ओळखलेलं.

रविवारी जावयांनी शहरातल्या कॅरिबियन दुकानातून खरोखरीचा नीरफणस शोधून आणला. जड, हिरवा, हाताला चीक लागणारा. मी काप करायला घेतले आणि तेवढ्यात माहेरी फोन लावला, म्हटलं वहिनीला दाखवावं. ती स्वयंपाकघरातच होती. मी म्हटलं, “वहिनी, त्या परातीवरचं नाव जरा वाच गं. ‘सो’च आहे ना नक्की?”

तिने परात उचलून खिडकीशी धरली, फोन जवळ नेला, काठावरून अंगठा फिरवला. पिठाने भरलेला अंगठा.

“एकतीस दिसतंय,” ती म्हणाली. “बाकी गेलं सगळं घासून. ‘सो’ म्हण, ‘जो’ म्हण. ठेवू का आता? कणीक सुकतेय.”